नाळेवरचं कुंकू

या, असे पुढे सरका. खांबाआडून ऐकलेली गोष्ट अर्धीच पोचते, आणि ही मला पुरती पोचवायची आहे. बुक्का लागला ना सगळ्यांच्या कपाळाला? मग ऐका. एका माणसाची गोष्ट सांगतो. जे चित्र जगानं बघावं म्हणून त्यानं जिवाचं रान केलं, त्याच चित्राकडे पाठ करून, ते आपल्याच अंगानं झाकून तो एक अख्खी संध्याकाळ उभा राहिला.

चिंतामण तामोरे शर्ट बदलून हॉलमध्ये परत आला तेव्हा पहिल्यांदा त्याला वाटलं, खिडकीतून मावळतीचं ऊन पडलं असेल. त्याच्या चित्राच्या माथ्यावर, बरोबर मधोमध, काहीतरी लाल होतं. तो डोकं इकडून तिकडे हलवत जवळ गेला, पण लाल हललं नाही. एक पिवळं बोट आणि त्याच्या शेजारी एक लाल बोट, दोन्ही वरून खाली ओढलेली, आणि लाल बोटाच्या शेवटाला डावीकडे वळलेलं शेपूट. खाली तांदळाचे दाणे रंगात रुतून बसले होते. त्याच्या कानात समुद्र भरल्यासारखं झालं. हे शेपूट तो जन्मापासून ओळखत होता. त्याच्या आईचं करंगळीशेजारचं बोट शिंगाळा माशाचा काटा लागून वाकडं झालं होतं. तिनं ओढलेली कुठलीही रेघ शेवटी अशीच कलंडायची, मग ती दाराशी घातलेली रांगोळी असो की त्याच्या लहानपणी पाटीवर काढून दिलेला एकाचा आकडा. इतकी ओळख पटूनही त्या क्षणी त्याला काहीच उमगलं नाही. डोक्यात एवढंच आलं की हिनं घात केला. आजच्या दिवशी, नेमका आजच.

चिंतामण मूळचा किनाऱ्यावरच्या मुरब्याचा, मासेमाराचा मुलगा. तारापूरला वीज केंद्राचं काम निघालं तेव्हा तो तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून लागला. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं काढलेल्या रेषा निळसर पारदर्शक कापडावर शाईनं गिरवणारा. रेषा साहेबाची, चूक मात्र ट्रेसरची. दिवसभर परक्या रेषा गिरवून तो खोलीवर यायचा आणि कंदिलाएवढ्या उजेडाच्या बल्बखाली आपल्या रेषा शोधत बसायचा. केंद्राची इमारत अजून परांच्यांत उभी होती, पण वसाहतीचा क्लब बांधून झाला होता आणि क्लबात काहीतरी मोठं करायचं म्हणून सेक्रेटरी शेणॉय यांनी मुंबईच्या नव्या चित्रकारांचं प्रदर्शन आणलं होतं. मुंबईची चित्रं चांगल्या उजेडात लागली होती. "लोकल टॅलेंट" म्हणून चिंतामणचं एक चित्र बाजूच्या भिंतीवर, पडवीकडच्या खिडकीला लागून टांगलं होतं. त्याला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. कारण मुंबईचे रांगणेकर येणार होते. रांगणेकरांची मुंबईत चित्रांची गॅलरी होती. मागच्या खेपेला ते त्याच्या खोलीवर येऊन, खाटेच्या काठावर बसून, चहा निवेस्तोवर हे चित्र बघत राहिले होते. "याला आता हात लावू नका, तामोरे," जाताना ते म्हणाले होते. "भिंतीवर लागलेलं एकदा बघतो, मग मुंबईला नेऊ." मुंबईला नेऊ! हे दोन शब्द तो तेव्हापासून सुपारीसारखे गालात धरून होता. ऑफिसात फुटपट्टी लावतानासुद्धा ते चघळायचा.

त्यानं रुमाल काढला आणि पुसायला गेला. चूक तिथेच झाली. कुंकू तेलात कालवलेलं होतं आणि चित्रातला पांढरा आतून अजून ओला होता. पहिल्याच फटक्यात दोन बोटांचा पंजाएवढा फराटा झाला, गुलाबी, कडेला पिवळा, माशाची खवलं काढताना फळीवर राहतो तसा. टर्पेंटाइन खोलीवर, खोली वसाहतीच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि फाटकाशी मोटारींचे दरवाजे वाजू लागले होते. शेणॉय लांबूनच "तामोरे, पोझिशन! पोझिशन!" म्हणून टाळ्या वाजवत होते. चिंतामण रुमाल खिशात कोंबून वळला आणि पाठ चित्राला लावली. अगदी टेकली नाही, ओला रंग नव्या शर्टाला लागला असता. पाठ आणि चित्र यांच्यामध्ये वीतभर जागा ठेवून, खांदे वर ओढून तो उभा राहिला. डोकं नेमकं फराट्याच्या पुढ्यात येत होतं. इंचभर उंच असतो तर, असंही त्याला वाटून गेलं.

दुपारी त्यानंच त्यांना इथे आणून बसवलं होतं, आईला आणि मंजुळामामीला. मुरब्याहून दोघी एस.टी.नं आल्या होत्या, धुतलेली लुगडी नेसून, पिशवीत नारळ घेऊन. "नारळ कशाला?" त्यानं विचारलं होतं. "फोडायला," आई म्हणाली होती, जणू तो विचारायचा प्रश्नच नव्हता. "इथं नारळ फोडत नाहीत," तो म्हणाला, आणि पिशवी घेऊन खुर्चीखाली सरकवली. मग त्यांना रिकाम्या हॉलमध्ये सोडून तो शर्ट बदलायला गेला. सोडायलाच नको होतं. बोलवायलाच नको होतं. कुणी सांगितलं होतं हौस करायला? पण मनात कुठेतरी होतं की आईनं बघावं. काय बघावं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. चित्रात बघण्यासारखं तिला काय होतं? ओहोटीनंतरच्या चिखलाचा पांढरा, सुकत घातलेल्या बोंबलांचा पांढरा, राखेचा, मिठाचा, आणि मधे एक लहानसं काळं, बस्स. चारचारदा त्यानं तिथे लाल लावून पाहिला होता आणि चारचारदा सुरीनं खरवडून काढला होता. लाल लागला की तो नजर वळवायचा. चित्रं काढणाऱ्या माणसाला एका रंगाची भीती वाटावी, हे कुणाला सांगायचं? मग त्यानं त्याचंच तत्त्व करून टाकलं. आपल्या चित्रात लाल नाही. रांगणेकरांनाही तेच आवडलं होतं.

भाषणं झाली. प्रमुख पाहुणे दोन माणसांच्या भाषणाएवढं बोलले आणि त्यात चित्रांबद्दल एक वाक्य होतं. मग समई आणली. शेणॉयांच्या पत्नीनं पुढे होऊन समईला हळदकुंकू वाहिलं, आणि गोऱ्या इंजिनियरांच्या बायकांनी "हाऊ लव्हली" म्हणून माना वाकड्या केल्या. तिकडे चालतं. समईला चालतं, पितळेवरून पुसताही येतं. त्यानं हॉलभर आईला शोधलं, डोळ्यांनीच, कारण मान वळवली तर फराट्याची कड दिसली असती. ती कुठेच नव्हती. बरंच झालं, असं तो स्वतःशी म्हणाला. आता तोंड दाखवू नकोस. पण दातावर दात घट्ट बसले होते आणि त्या दातांच्या मागे, नको असताना, मुरब्याचा किनारा उभा राहत होता.

नारळी पुनवेचा किनारा. बापाची होडी वाळूवर, तिला तेल पाजलेलं, नव्या नारळासारखी तुकतुकीत. होडीच्या पुढच्या वर उचललेल्या टोकाला नाळ म्हणतात. तिच्यासमोर आई उभी, हातात डबी. "होडीला कपाल असतं, चिंत्या," बाप महादू त्याला खांद्यावर घेऊन सांगत होता. "आदी तिचं कपाल भरायचं, मंग तिला पान्यात घालायची. कोरी होडी दर्याला आवडत नाय." आईनं हळदीचं बोट ओढलं, मग कुंकवाचं, आणि कुंकवाची रेघ शेवटी कलंडली. बाप हसला, "तुजी होडी वादलातनं वलख देल, बाय." सगळे पुरुष खांदा लावून ओरडले, होडी हलली, लाटेवर चढली. चिंतामणला तो ओरडा आता हॉलच्या टाळ्यांत ऐकू आला. पुनव होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि वादळ आलं. होडी दुसऱ्यांनी दोर लावून ओढत आणली. रिकामी. तो गर्दीतून वाकून नाळेपाशी गेला होता. लाकडाच्या चिरांत कुंकू तसंच बसलेलं, शेपूट डावीकडे. तो धावत घरी सांगायला आला की होडीचं कुंकू गेलं नाही, आई, गेलं नाही. आणि उंबऱ्यात बायकांचा गराडा होता, आणि मधे आई, आणि कुणाचातरी ओला हात तिच्या कपाळावरून फिरत होता. फराटा. गुलाबी. होडीचं राहिलं आणि हिचं गेलं. त्याला जे सांगायचं होतं ते कुणी ऐकूनच घेतलं नाही. अजूनही तोंडात ते तसंच होतं, न गिळलेल्या घासासारखं.

त्यानंतर त्या कपाळाला जे लागायचं ते एवढंच, देवळात कीर्तनाला गेलं की बुक्क्याचा टिकला. आई अगदी मागे, दाराच्या चौकटीशी बसायची, पण बुक्का लावणारा शेवटच्या माणसापर्यंत जाई. आणि मंडळी, मी आयुष्य कीर्तनं ऐकण्यात घालवलं म्हणून सांगतो, बुक्का लावताना कुणी विचारत नाही की बाई, तू कोण, तुझा धनी आहे का. पोरगा चिंतामण मांडीवरून मान वर करून त्या काळ्या ठिपक्याकडे बघत राही. बुवा पुढे काय रंगवताहेत, इकडे त्याचं लक्ष नसे. पांढरं कपाळ आणि मधे एवढंसं काळं. घरी येईस्तोवर घामानं तेही जाई.

"ए चिंत्या! भित्तीला काय चिकटलास पालीवानी?"

तो दचकला. उजव्या कानाशी खिडकी होती आणि गजांमागे मंजुळामामीचं तोंड.

"मामी, आत्ता जा इथनं," तो ओठ न हलवता म्हणाला. समोरून शेणॉयांबरोबर रांगणेकर पहिल्या भिंतीची चित्रं बघत सावकाश सरकत होते.

"जाऊ कुटं? तुजी आय तिकडं सुरूच्या झाडामागं जाऊन बसलीय. चा पन नको म्हनते. ती एक गोरी बाय मला हात हलवते सारकी. मी पन हलवला. चित्र कवा दावनार तुजं? तूच उबा त्याच्यापुडं, लोकानी काय तुला बगायचा?"

"दाखवण्यासारखं ठेवलंत कुठे तुम्ही?" त्याचा आवाज चिरकला. "कुणी सांगितलं होतं हात लावायला? चित्र आहे ते मामी, होडी नाही! वाटोळं केलंत माझं. आज, आजच!"

"माज्यावर का वरडतोस? मी नाय लावला हात." मामीनं गज धरले. "लावनार व्हते, खोटं कशाला बोलू. तुजी आय घरनंच म्हनत आली, मंजुले, तू सवाशीन, तूच भर. पन येस्टीतच मला कावला शिवला रे. पास्थलच्या नाक्यावर. मंग कशी शिवू? तुजं शुभाचं काम."

"मग?"

"मंग काय. बसली ईचार करत. मी म्हनलं, र्‍हाऊ दे, ती सायबीन येल तिला सांगू. तर म्हनते, सायबिनीला काय ठावं? पोरानं येवडी बांदली, ती कोऱ्या कपालानं जायाची व्हय? आनि वडली डबी माज्या हातातनं." मामीनं गजांत तोंड खुपसलं. एवढ्या बडबडीत पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. "तुजा बा गेल्यापासनं तिनं त्या डबीला बोट लावलं नव्हतं. घरात लेकीबाली आल्या तरी मला हाक मारते, ये मंजुले, हिला कुकू लाव. मी म्हनलं, वन्सं, लोक काय म्हनतील? तर म्हनली, हितं हाय कोन आपलं? लावलं, आनि बोट पदरात लपवून भायेर गेली ती गेली. आपलं तोंड सायबलोकांना आडवं नको म्हनते, पोराचं काम हाय."

चिंतामणनं मान वळवली नाही. वळवता आली नसती, रांगणेकर आता तीनच चित्रांवर होते. पण पाठीमागच्या वीतभर जागेत काहीतरी तापू लागलं, चुलीकडे पाठ करून बसावं तसं. सगळी संध्याकाळ तो ज्याला डाग म्हणत होता ते काय होतं, आणि त्यावर रुमाल फिरवणारा हात कुणाचा होता, हे दोन्ही त्याला एकदमच कळलं. उंबऱ्यातला तो ओला हात. त्याला वाटलं आता डोळे भरून येतील. ते आले नाहीत. उलट चीडच आली, पहिल्यापेक्षा जास्त, आणि आता ती कुणावर काढावी हेही कळेना. आईवर काढता येत नव्हती. मामीवर तर नाहीच. दर्यावर काढून काय उपयोग? तिनं आधी विचारलं असतं तर? तर मी नाहीच म्हटलं असतं.

"तामोरे," रांगणेकर समोर होते. चष्मा कपाळावर चढवलेला, चेहऱ्यावर खरं अगत्य. "सगळी संध्याकाळ मी या भिंतीची वाट बघतोय. जरा बाजूला होता?"

तो उभाच राहिला. शेणॉय हसले, "अरे तामोरे, शाय क्यों होता है?" खिडकीतून मामी पुटपुटली, "सरक की मेल्या." आणि तो सरकला.

रांगणेकर चित्रापाशी वाकले. पुढे झाले, मागे गेले. चष्मा खाली घेतला. "हे काय झालं?"

"कुंकू आहे."

"ते दिसतंय. पुसायचा प्रयत्न केला कुणीतरी."

"मी केला."

"तिथेच चुकलात. ओल्या पांढऱ्यावर..." ते चुकचुकले, मनापासून. "अहो, इतकं बांधलेलं चित्र! या काळ्याभोवती सगळा पांढरा कसा श्वास धरून उभा आहे. आणि वर हा आरडाओरडा. हरकत नाही, बिघडलं नाही काही. टर्पेंटाइननं सावकाश काढा, वर एक हात पांढरा द्या. मी रविवारी गाडी पाठवतो, तेव्हा तयार ठेवा."

रविवार. गाडी. मुंबई. गालातली सुपारी. चिंतामणनं चित्राकडे पाहिलं. पाठ फिरवल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. फराट्याच्या वरच्या अंगाला दोन बोटांचे माथे तेवढे शाबूत होते. कलंडलेलं शेपूट त्यानंच पुसून टाकलं होतं. होतं ते बहुतेक त्याच्याच रुमालाचं काम होतं. त्यासाठी कुणी मुंबई सोडतं का? एक तांदळाचा दाणा अजून चिकटून होता.

"ते निघायचं नाही," तो म्हणाला.

"निघेल हो. मी सांगतो ना कसं काढायचं."

"नाही. काढायचं नाही ते."

रांगणेकरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या बाईकडे, मग परत चित्राकडे. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडायला तरी मिळालं असतं. "मग हे वेगळं चित्र झालं, तामोरे," ते हळू म्हणाले. "हे मला नाही नेता येणार. पुढचं झालं की कळवा." त्यांनी त्याचा खांदा थोपटला आणि शेणॉयांबरोबर सरबताच्या टेबलाकडे गेले.

चिंतामणला आपण काही मोठं केलं असं मुळीच वाटलं नाही. धावत जाऊन म्हणावं का, साहेब, काढतो, रविवारपर्यंत काढतो? पाय दोनदा उचलले. पण पाय दाराकडे चालत होते. खुर्चीखालची नारळाची पिशवी त्यानं उचलली, का ते त्यालाही कळलं नाही.

बाहेर समुद्रावरचा वारा सुटला होता. फाटकाच्या बाजूला, दिव्यांपासून लांब, सुरूच्या बुंध्यामागे नर्मदा बसली होती, त्याची आई. डोक्यावरून पदर, गुडघे पोटाशी, एक हात पदराच्या घडीत खुपसलेला. तो शेजारी जमिनीवर बसला. नव्या पँटीला माती लागली.

"हात कुटं माखलास?" ती म्हणाली, आणि मोकळ्या हातानं त्याचा तळवा धरून पदरानं पुसायला लागली. रुमालाचं लाल त्याच्या बोटांना आलं होतं. पुसता पुसता ती मधेच थांबली. ओळखलं असणार. पण पुन्हा पुसू लागली. दुसरा हात पदरातच होता.

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. तू का केलंस, हे विचारायचं होतं. होडीचं कुंकू गेलं नव्हतं, आई, हे इतक्या वर्षांनी सांगायचं होतं. पलीकडे हॉलमध्ये कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"उतरली का रे पान्यात?" तिनं विचारलं. आवाजात केवढी भीती होती! आपला हात लागला म्हणून अडली तर नाही ना, एवढंच तिला विचारायचं होतं. तेवढ्यासाठी ती अंधारात जीव मुठीत धरून बसली होती.

चिंतामणनं दात आवळले. रविवारची गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून रिकामी निघून गेली.

"उतरली," तो म्हणाला. "झकास उतरली."

तेव्हा तिनं पदरातला हात बाहेर काढला. वाकड्या बोटाचं पेर अजून लाल होतं. तिनं पिशवीतून नारळ काढला आणि त्याच्यापुढे धरला. मग त्यानं जवळचा दगड ओढला, आणि वसाहतीच्या फाटकाशी, सगळ्या मोटारींच्या देखत, त्यानं तो फोडला.

एवढीच गोष्ट. त्या चित्राचं पुढे काय झालं, तुम्ही विचारू नका, मी सांगणार नाही. माझं मागणं एकच आहे. कधी एखाद्या मोठ्या हॉलात जाल, पांढऱ्या भिंती, चांगले दिवे, सगळं जिथल्या तिथे असेल. तिथून निघताना क्षणभर बाहेर अंधारात नजर टाका. झाडामागे कुणी आपला लाल हात पदरात लपवून बसलं आहे का बघा. आणि कुणी नसलं, तरी मुरब्याच्या नर्मदेला मनातल्या मनात एकदा आठवा.